कडकनाथमध्ये गुलाबी कातडीची पाखरं निघाली, आता नर बदलू की असील घालू?

संगमनेरकडच्या एका शेतकरी भावाचा प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी २ कडकनाथ नर आणि ११ माद्या आणल्या. घरचीच अंडी उबवत आता तिसरी पिढी चालू आहे. यंदाच्या ४६ पिल्लांत ३ वेगळी निघाली, २ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि १ कोंबडा. पिसं काळीच, पण तुरा लालभडक, कातडी गुलाबी आणि पाय पाटीसारखे निळसर-राखाडी. शिवाय चार नरांच्या मानेत सोनेरी पिसं आली आहेत आणि अख्खा लॉट आधीपेक्षा अंगाने बारका आहे. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत, रंग पक्का आणि वजन जास्त. विचारतात, गुलाबी तीन कापून टाकू का, आणि वजनासाठी असील या मोठ्या अंगाच्या झुंजार जातीचा एक नर घालू का?

दादा, आधी उत्तर देतो, कारण नंतर. ती तिन्ही गुलाबी पाखरं कापू नका आणि विकूही नका. तुमच्या खुराड्यात आज सगळ्यात उपयोगाची तीच आहेत. आणि असील नर कडकनाथ माद्यांवर मुळीच सोडू नका.

तुमच्या प्रश्नात पिसांचा रंग, कातडीचा रंग आणि अंगाचं वजन या तीन गोष्टींचा गुंता झाला आहे. बाजारात ‘कडकनाथ काळा असतो’ एवढं म्हटलं की भागतं, पण पैदाशीत या तिघांचे रस्ते वेगळे. काळी पिसं आणि आत गोरी कातडी अशी गावरान कोंबडी आपण सगळ्यांनीच सोलली आहे. उलटं उदाहरण चीनच्या सिल्कीचं. वरून कापसासारखी पांढरी आणि पिसं उपटली की आत कोळसा. त्यामुळे पिसांवरून कातडीची खात्री धरणारा माणूस फसतो. आमच्या नवापूरकडच्या आठवडी बाजारात एक म्हातारा व्यापारी यायचा. कोंबडी उलटी धरायचा, छातीवर एक फुंकर मारून पिसं बाजूला करायचा, मग अंगठ्याने चोच उघडून टाळू बघायचा. पसंत नसली तर एक शब्द न बोलता परत डालग्यात टाकायचा. पिसांकडे त्याने कधी बघितलेलं मला आठवत नाही.

कातडी, मांस, आतडी, हाडांवरचा पडदा इथपर्यंत काळेपणा नेणारा बदल एकाच ठिकाणी झालेला आहे. कोंबडीच्या २० व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झाला आहे. त्या तुकड्यात एंडोथेलिन-३ नावाचं जनुक आहे. त्याचं काम वाढलं की गर्भात रंग बनवणाऱ्या पेशी जिथे जायला नको तिथेही जाऊन बसतात. सिल्की, इंडोनेशियाची आयाम सेमानी आणि आपला कडकनाथ या तिघांच्या काळेपणामागे हेच आहे. रक्त मात्र लालच असतं आणि अंडं फिकट बदामी. कुणी कडकनाथच्या काळ्या अंड्याचे फोटो पाठवले तर फोन ठेवून द्या.

याला आपण ‘काळं जनुक’ म्हणू. प्रत्येक पाखराकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक बापाची आणि एक आईची. मेख अशी की एक प्रत असली तरी पाखरू काळंच दिसतं. दोन प्रतींचा आणि एका प्रतीचा असे दोन कोंबडे शेजारी उभे केले तर मलाही खात्रीने सांगता येणार नाही. पण एक-एक प्रत असलेले नर-मादी जुळले की त्यांच्या चारांपैकी सरासरी एका पिल्लाला काळी प्रत मिळतच नाही. तुमची तीन पाखरं तीच. म्हणजे खोट त्या तिघांत उगवली नाही, ती तुम्ही ‘अस्सल’ म्हणून ठेवलेल्या काळ्या पाखरांत आधीपासून दबा धरून होती.

हे मी इतक्या ठामपणे म्हणतो ते पायांवरून. पाखरू उजळ निघण्याचं दुसरंही एक कारण असतं. कातडीत रंग उतरू न देणारं वेगळं जनुक आहे, त्याला ‘अटकाव’ म्हणू. कडकनाथमध्ये ते नसतं. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या बहुतेक कोंबड्यांत असतं. तुमच्या तिघांचे पाय पिवळे-पांढरे असते तर अटकाव शिरला असं म्हणालो असतो. पाय पाटीच्या रंगाचे आहेत, म्हणजे अटकाव नाही, फक्त काळी प्रत नाही. तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. का, ते पुढे येईलच.

आता हिशेब बघा. ४६ मध्ये ३, म्हणजे साडेसहा टक्के. गुलाबी व्हायला दोन्ही प्रती बिनकाळ्या लागतात, म्हणून त्याचं वर्गमूळ काढलं की कळपातल्या एकूण प्रतींपैकी साधारण पाव प्रती बिनकाळ्या आहेत असं निघतं. त्यावरून काळ्या दिसणाऱ्या दर दहा पाखरांपैकी चार आत एक बिनकाळी प्रत घेऊन फिरत असणार. कळप लहान आहे, आकडा इकडेतिकडे होईल, पण अंदाजाला पुरेसा आहे. आता तुम्ही दरवर्षी फक्त गुलाबी कापत राहिलात तर काय होईल? ती बिनकाळी प्रत लपवून फिरणारे काळे, म्हणजे वाहक, तसेच राहतील आणि पाच पिढ्यांनंतरही ऐंशी पिल्लांत एक गुलाबी निघत राहील. नेमकं ज्याने आगाऊ पैसे भरलेत त्याच्या लॉटमध्ये निघेल, हा माझा अनुभव.

म्हणून ती तीन ठेवायची. गुलाबी पाखराकडे काळी प्रत नाहीच, त्यामुळे ते जोडीदाराचं पोट उघडं पाडतं. तुमचा एक काळा कोंबडा त्या दोन गुलाबी तलंगांबरोबर वेगळ्या खुराड्यात ठेवा. त्या बसतील तेव्हा अंडी उबवा. कोंबडा दोन्ही प्रतींचा असेल तर एकूण एक पिल्लू काळं निघेल. वाहक असेल तर निम्मी गुलाबी. एक जरी गुलाबी पिल्लू निघालं तरी निकाल लागला, तो नर पैदाशीतून बाद. सगळी काळी निघाली तर किती पिल्लांवर विश्वास ठेवायचा? सात. वाहक नराची लागोपाठ सातही पिल्लं योगायोगाने काळी निघण्याची शक्यता १२८ मध्ये एक असते. मी दहा मोजतो, पण तो माझा भित्रेपणा समजा. पहिल्याच दिवशी चोच उघडून टाळू आणि पोटाखालची कातडी बघा. शंका वाटली तर आठ आठवडे थांबा, तोवर तुरा बोलायला लागतो.

माद्यांसाठी तो गुलाबी कोंबडा. काळे नर काढून घ्यायचे, त्याला सोडायचं, आणि प्रत्येक मादीची अंडी वेगळी ओळखू येतील अशी व्यवस्था करायची. एका मादीचं एक रवण, म्हणजे एका वेळी उबवायला ठेवलेली अंडी, पुरतं. दहा-बारा अंड्यांतून सात-आठ पिल्लं हाती आली की तिचा कागद झाला. सगळ्या माद्या तपासत बसू नका. आधी अंगाने आणि अंड्याने पसंत पडलेल्या निवडा, मग त्यांचीच परीक्षा घ्या. चाचणीतून आलेली पिल्लं मात्र, कितीही काळी दिसोत, मांसासाठी. गुलाबी आई किंवा गुलाबी बाप असल्यामुळे ती सगळीच्या सगळी वाहक.

इथे माझी एक चूक सांगतो म्हणजे तुमची टळेल. नर बदलल्यावर मी पाचव्या दिवसापासून अंडी गोळा करायला लागलो होतो. घाई होती, मशीन रिकामी होती. पिल्लं निघाली ती बरीचशी जुन्याच नराची. कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. तेव्हा पक्के तीन आठवडे अंडी खा, विका, शेजारी वाटा, पण उबवू नका. त्या वर्षी मी एका निर्दोष कोंबड्याला दोषी ठरवून त्याचा रस्सा केला.

सोनेरी मानेच्या चार नरांबद्दल फार काळजी नको. कडकनाथमध्ये तीन प्रकार मान्य आहेत. पूर्ण काळा, मानेवर पांढरट रेघांचा पेन्सिल्ड आणि सोनेरी. त्यामुळे मानेतलं सोनं म्हणजे भेसळ, हा समज चुकीचा. तुम्हाला एकसारखा काळाच कळप हवा असेल तर तो पिसांच्या निवडीचा वेगळा प्रश्न आहे. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नराचा निकाल पाच-सहा महिन्यांच्या आत लावू नका. मानेवरची आणि कमरेवरची लांब पिसं पूर्ण आल्याशिवाय सोनं दिसत नाही. दोन, सोनेरी-चंदेरीचा फरक लिंगगुणसूत्रावर बसलेला असतो. नराकडे अशी दोन गुणसूत्रं, मादीकडे एकच, आणि तेही बापाकडून आलेलं. म्हणून मादीच्या पोटात या बाबतीत काही लपू शकत नाही आणि लेकींच्या रंगाचा जाब बापालाच विचारायचा.

भेसळीची खरी खूण दुसरीकडे बघा. पिसांवर आडवे पांढरे पट्टे आले, म्हणजे चितळ्या कोंबडीसारखे, तर ते विलायती रक्त आहे. ते जनुक पायांचा रंगही धुऊन टाकतं. आणि तुरा. कडकनाथचा तुरा सरळ, एकपाती, दातेरी असतो. असीलचा बुटका, डोक्याला चिकटलेला, तीन ओळींच्या दाण्यांचा. असीलचा तुरा सरळ तुऱ्यावर भारी पडतो, त्यामुळे आजोबा असील असला तरी नातवाच्या डोक्यावर दिसू शकतं. कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच १९०२ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ बेटसन यांनी मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू होतात हे दाखवलं होतं. प्रयोगशाळेचं सामान म्हणजे एक खुराडं आणि वही.

आता वजन. इथे माझा पहिला प्रश्न रक्ताबद्दल नाही, खाण्याबद्दल आहे. पिल्लाचं पहिल्या दिवसाचं वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश असतं. तलंगांची पहिली बारीक अंडी उबवली असतील तर पिल्लं बारकीच निघणार. पहिले आठ आठवडे वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं खाद्य मिळालं का, की ज्वारीचा भरडा आणि तांदळाची कणी? जंताचं औषध, मानमोडीची लस, पावसाळ्यात रक्ती हगवण? यातलं काही चुकलं असेल तर जातिवंत बापाची पिल्लंही चिमणीएवढी राहतात. हे सगळं नीट असूनही लॉट बारका असेल तर मग रक्ताकडे वळू.

तुमच्या बाबतीत रक्ताकडेही बोट जातंच. २ नर आणि ११ माद्या ऐकायला तेरा पाखरं वाटतात, पण पैदाशीच्या हिशेबात ती जेमतेम सात भरतात. नर आणि माद्या यांचा गुणाकार करायचा, चारने गुणायचं आणि एकूण संख्येने भागायचं, ८८ भागिले १३. त्यातून दर पिढीला साधारण साडेसात टक्के नात्यातलं रक्त साचतं. आणि दोन नर एकत्र असले की एक दादागिरी करतो, दुसरा कोपऱ्यात उभा. म्हणजे प्रत्यक्षात नर एकच, आणि साचणारं रक्त साडेतेरा टक्क्यांच्या पुढे. तीन पिढ्यांत हे अंगाला, अंड्याला आणि उबवणीला जाणवतं. शिवाय लपलेल्या प्रती एकमेकींना भेटण्याची संधीही यातूनच वाढते. तुमच्या गुलाबी पाखरांचं आणि बारक्या लॉटचं मूळ इथे एकत्र येतं. याला औषध म्हणजे वेगळ्या ठिकाणचे कडकनाथ नर. मध्य प्रदेशातल्या ज्या झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात हा पक्षी वाढवला जातो. तिथून किंवा खात्रीच्या कुणाकडूनही आणा, पण आणल्यावर महिनाभर वेगळे ठेवा आणि त्यांचीही तुमच्या गुलाबी तलंगांसमोर परीक्षा घ्या. पावतीवर ‘शुद्ध’ छापायला शाई लागते, बाकी काही नाही.

चार नर आणि वीस माद्या, चार वेगळ्या खुराड्यांत पाच-पाच, असं बसवलंत तर साचणारं रक्त चार टक्क्यांच्या खाली येतं. दर पिढीला लेकी आपल्याच खुराड्यात ठेवायच्या आणि नर पुढच्या खुराड्यात सरकवायचे, पहिल्यातले दुसऱ्यात, चौथ्यातले पहिल्यात. नवीन पाखरू न आणता बरीच वर्षं निघतात.

वजनाची निवड करताना एकाच उबवणीतली पाखरं एकमेकांशी ताडा, नर नरांशी, माद्या माद्यांशी. माघातलं पिल्लू आणि श्रावणातलं पिल्लू यांची तुलना म्हणजे हवामानाची तुलना. मी बारा आठवड्यांना आणि वीस आठवड्यांना वजन करतो, सकाळी, खाद्य टाकायच्या आधी. आणि कळपातले सगळ्यात मोठे दहा निवडत नाही, प्रत्येक खुराड्यातले मोठे निवडतो, नाहीतर सगळे एकाच बापाचे निघतात. फायदा किती होईल? समजा निवडलेले नर सरासरीपेक्षा १५० ग्रॅम जड आणि माद्या ७० ग्रॅम जड. मधला आकडा ११०. त्यातला साधारण तिसरा हिस्सा पिल्लांत उतरतो, म्हणजे छत्तीस-सदतीस ग्रॅम. एका पिढीला एवढंच. वजनामागे असंख्य जनुकं आहेत, प्रत्येकाचा हातभार चिमूटभर, तिथे सात पिल्लांची परीक्षा चालत नाही, वर्षं लागतात. शिवाय कडकनाथ मुळात लहान चणीचा. नर दीड ते दोन किलो, मादी एक ते दीड. अंग वाढवत नेलं की अंडी कमी होतात, हेही वहीत लिहून ठेवा.

आता तुमचा असील. मोह मला कळतो. चार-पाच किलोचा नर, छाती बघा, मांड्या बघा. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये असीलच्याच रक्तातून कॉर्निश जात बनली आणि आजच्या ब्रॉयलरच्या छातीमागे ती आहे. पण असीलचे पाय बघा, बहुतेकदा पिवळे. म्हणजे तिथे अटकाव आहे. (पिवळी कातडी हा आपल्या मातीतला माल, बरं का. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की पाळीव कोंबडीत ती राखी रानकोंबड्याकडून आली. सह्याद्रीत पहाटे ओरडतो तोच. म्हणून त्याला पकडायला जाऊ नका, तो कायद्याने संरक्षित आहे.) अटकावही लिंगगुणसूत्रावर बसतो. असील बाप तो लेकालाही देतो आणि लेकीलाही. त्यामुळे असील नर आणि कडकनाथ मादी यांची सगळी पिल्लं उजळ, डागाळलेली, धड ना काळी धड ना गोरी. बाजारात त्यांना कुणी कडकनाथ म्हणून घेणार नाही. आणि आज तुमच्याकडे नसलेलं अटकावाचं दुखणं विकत आणल्यासारखं होईल.

उलटी जोडी मात्र गमतीची आहे. कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची असील मादी. आई आपलं लिंगगुणसूत्र फक्त मुलग्यांना देते, म्हणून नर पिल्लं उजळ आणि माद्या काळ्या निघतात. पहिल्या दिवसापासून नर-मादी निवडता येतात. मांसासाठी असा संकर करायला माझी हरकत नाही, फक्त असील मादी अंडी फार कमी देते हे गृहीत धरा, आणि त्यातलं एकही पाखरू कडकनाथच्या खुराड्यात जाऊ देऊ नका. नुसतं वजनच हवं असेल तर इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथपासून कॅरी श्यामा आणि असीलपासून कॅरी निर्भीक असे संकर तयार करून ठेवले आहेत, ते पाळा. संकर करून पुन्हा पुन्हा कडकनाथकडे वळवत नेला तरी तीन फेऱ्यांनंतर कडकनाथचा हिस्सा ९४ टक्क्यांच्या जवळ येतो, आणि असीलचं जे वजन हवं होतं तेही त्याच प्रमाणात गळून गेलेलं असतं. तीन फेऱ्या म्हणजे किमान तीन वर्षं.

खुणांचं एक साधन सांगतो, खर्च जवळपास शून्य. पिल्लाच्या दोन पायांना बोटांमधले पुढचे पडदे चार असतात. पहिल्या दिवशी बारीक पंचने त्यात भोक पाडायचं किंवा नाही पाडायचं, यातून सोळा वेगळ्या खुणा होतात. चार खुराडी आणि त्यांतली निवडक घराणी त्यात आरामात बसतात. प्लास्टिकच्या कड्या गळून पडतात, शाई पुसते, पडद्यातलं भोक कोंबडी मरेपर्यंत राहतं. फक्त दोन आठवड्यांनी एकदा बघून घ्या, भोक अर्धवट पडलं असेल तर बुजतं.

सध्या पावसाळा आहे, उबवणीची घाई नको. गुलाबी कोंबडा आणि त्या दोन तलंगा एकमेकांपासून वेगळ्या करा, नाहीतर त्यांचीच पिल्लं व्हायची. तलंगा अंड्यावर यायला अजून महिना-दीड महिना आहे. तोवर सगळ्या काळ्या नरांची वजनं करून वरचे तीन वेगळे काढा. दिवाळीच्या सुमारास पहिला नर त्यांच्याकडे सोडा आणि सातव्या पिल्लाची टाळू बघितल्यावर मला कळवा.